अकरावीला विषय निवडताय आणि नव्वदच्या पुढे जायचंय? मग आधी हे वाचा

दहावीचा निकाल लागला की पुढचे पंधरावीस दिवस माझा फोन थांबत नाही. मी सातारला अकरावी-बारावीला मॅथ्स शिकवते, सोळा वर्षं झाली आता, आणि दरवर्षी प्रश्न तोच असतो, "मॅडम, स्कोअरिंग विषय कुठले घेऊ?" फोनवर दहा मिनिटांत सगळं सांगून होत नाही, घाईत काहीतरी राहून जातं, म्हणून एकदा नीट लिहून काढतेय. हे सगळं आपल्या महाराष्ट्र बोर्डापुरतं आहे, सीबीएसईवाल्यांचं गणित जरा वेगळं असतं.

पहिली गोष्ट, मार्क कशासाठी हवेत ते आधी ठरवा. हा प्रश्न कोणी विचारतच नाही! इंजिनिअरिंगला जायचं असेल तर आपल्याकडे ॲडमिशन सीईटीच्या (राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या) पर्सेंटाइलवर होते, बारावीला पीसीएममध्ये (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ओपनला ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गाला ४० टक्के असले की दार उघडतं. मेडिकलला नीट ही प्रवेश परीक्षा, तिथे पीसीबीत (मॅथ्सऐवजी बायो) ओपनला ५० टक्के लागतात आणि बाकी सगळा खेळ नीटच्या ७२० मार्कांचा. एनआयटी-आयआयटी डोक्यात असेल तर मात्र बारावीला ७५ टक्के, नाहीतर बोर्डाच्या टॉप २० पर्सेंटाइलमध्ये यावं लागतं, एससी-एसटीला ६५ टक्के. म्हणजे या मुलांसाठी बारावीचे ९२ की ९५ याने ॲडमिशनला फारसा फरक पडत नाही, वेळ कुठे घालवायचा हा खरा प्रश्न असतो.

उलट ज्याला चांगल्या कॉलेजात साधं बीएससी, बीकॉम किंवा बीए करायचंय त्याच्यासाठी बारावीचा एकेक टक्का मोलाचा, कारण पुण्या-मुंबईच्या नावाजलेल्या कॉलेजांच्या मेरिट लिस्ट अर्ध्या टक्क्याने हलतात. आणि स्कॉलरशिपचं तर गावाकडच्या मुलांना कोणी सांगतच नाही. बोर्डाच्या टॉप १ टक्क्यात आलात आणि बेसिक सायन्सला गेलात तर केंद्राची इन्स्पायर स्कॉलरशिप असते, वर्षाला ८०,००० रुपये! त्याशिवाय टॉप २० पर्सेंटाइलवाल्यांसाठी सेंट्रल सेक्टर स्कॉलरशिप आहे, त्यात घरच्या उत्पन्नाची अट असते. माझ्या एका विद्यार्थिनीने इन्स्पायरच्या जिवावर घरून एक रुपया न घेता बीएससी केलं, तिचे वडील रिक्षा चालवतात. तेव्हा टॉप मार्क हवेत म्हणणं अजिबात चुकीचं नाही, फक्त ते कुठे लागणार आहेत ते माहीत पाहिजे.

दुसरं, कुठला विषय सोडल्यावर कुठली दारं बंद होतात ते बघा, आणि हे स्कोअरिंगच्याही आधी बघा. बायो सोडलं की नीट गेलं, बीएससी नर्सिंग गेलं. मॅथ्स सोडलं की इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर गेलं, एनडीएतून एअर फोर्स किंवा नेव्हीत जायचं असेल तर तेही गेलं (आर्मीला कुठलीही शाखा चालते), पायलटच्या लायसन्सलाही फिजिक्स-मॅथ्स लागतं. फार्मसीला फिजिक्स-केमिस्ट्रीबरोबर मॅथ्स किंवा बायो दोन्हीपैकी एक चालतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं आणि उगाच दोन्ही घेऊन बसतात. लॉचा पाच वर्षांचा कोर्स तर कुठल्याही शाखेतून करता येतो, त्यासाठी सीईटी द्यायची.

आता ६०० मार्कांचं गणित करू, कारण बोर्डाची टक्केवारी सहाच्या सहा विषयांवर लागते. दहावीला बेस्ट ऑफ फाइव्ह होतं ना, एक विषय गडबडला तरी झाकला जायचा, इथे ती सोय नाही, त्यामुळे "सहावा विषय काय, पास झालं की झालं" असं म्हणणाऱ्या मुलाचे तिथेच पंधरा मार्क जातात आणि ते फिजिक्समध्ये कितीही रात्री जागवल्या तरी भरून निघत नाहीत. सायन्सला पीसीएमबी घेतलं तर फिजिक्स, केमिस्ट्री, बायोचे पेपर ७० चे आणि प्रॅक्टिकल ३० चं, मॅथ्स ८० अधिक २०, दोन्ही भाषा ८० अधिक २०. बेरीज करा, ६०० पैकी १५० मार्क प्रॅक्टिकल-तोंडीचे. ते जवळपास तुमच्याच कॉलेजात ठरतात, त्यामुळे प्रॅक्टिकल खरंच होणारं कॉलेज आणि फक्त जर्नल पूर्ण करून घेणारं कॉलेज यात फरक करा.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो तो मॅथ्स आणि बायोचा. दोन्ही ठेवायचं का? घरचे म्हणतात "राहू दे, दोन्ही पर्याय उघडे राहतील". मी सरळ सांगते, ज्याला खरंच ठरवता येत नाहीये त्याने अकरावीत पीसीएमबी ठेवावं, काही बिघडत नाही, पण बारावी सुरू व्हायच्या आत निर्णय घ्यावा आणि मग ज्या विषयाची एंट्रन्स देणार नाही तो फक्त बोर्डापुरता करावा. मी स्वतः मॅथ्सची बाई असून सांगतेय, ज्या मुलाला नीटच द्यायचीय आणि मॅथ्स बघितलं की पोटात गोळा येतो त्याने मॅथ्स ओढत बसू नये. आणि ज्याला इंजिनिअरिंगच करायचंय, पाठांतराचा कंटाळा आहे, आकृत्या काढायला नको वाटतात, त्याने बायो "सेफ्टी" म्हणून घेऊ नये. बायोला बोर्डात मार्क चांगले पडतात हे खरं, पण ते पडतात वाचणाऱ्याला, आकृत्यांचा हात बसलेल्याला.

मॅथ्सबद्दल एवढंच सांगते की बोर्डाचा पेपर लोक समजतात तेवढा भीतीदायक नाहीये. ऐंशीच्या पेपरात दोन-दोन मार्कांच्या बारातले आठ सोडवायचे, तीन मार्कांच्याही बारातले आठ, चार मार्कांच्या आठातले पाच. इतका ऑप्शन मिळतो! आणि उत्तर बरोबर, स्टेप्स बरोबर असतील तर मार्क कापायला जागाच नसते, म्हणून शंभरपैकी शंभर पडतात ते मॅथ्समध्ये, थिअरीच्या विषयात ते फार अवघड. पण त्यासाठी रोज दीड तास वही-पेन घेऊन बसावं लागतं, नुसते व्हिडिओ बघून होत नाही.

मग बायो सोडलं तर त्या जागी काय? इथे बायफोकल, म्हणजे व्यवसायाशी जोडलेला विषय, येतो. कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स, काही ठिकाणी इलेक्ट्रिकल मेंटेनन्स, पीक शास्त्र वगैरे. बायफोकल २०० मार्कांचं असतं, म्हणजे बायो आणि दुसरी भाषा दोन्हीची जागा घेतं. कॉम्प्युटर सायन्सचे ५०-५० चे दोन पेपर आणि ५०-५० ची दोन प्रॅक्टिकल, त्यामुळे पीसीएम आणि इंग्लिश धरून प्रॅक्टिकल-तोंडीचे मार्क १५० वरून थेट २०० वर जातात. इंजिनिअरिंगवाल्या मुलांना मी हेच सुचवते, टक्केवारीही वर राहते आणि सीईटीला वेळही मिळतो. पण एक सांगते, त्यात काय शिकवतात ते आधी बघा. सी प्लस प्लस, डेटा स्ट्रक्चर, एचटीएमएल आहे, पण दुसऱ्या पेपरात ८०८५ मायक्रोप्रोसेसर आहे, त्याच्या इन्स्ट्रक्शन्स पाठ कराव्या लागतात, आणि "मोबाइल-लॅपटॉपची आवड आहे" म्हणून घेतलेली मुलं तिथे अडकतात. फीही वेगळी असते, सीट कमी असतात, ॲडमिशनच्या दिवशीच विचारा.

आयटी हा वेगळा विषय, त्यात आणि कॉम्प्युटर सायन्समध्ये गल्लत करू नका. आयटी १०० मार्कांचं, दुसऱ्या भाषेऐवजी घेता येतं, ८० ची परीक्षा कॉम्प्युटरवरच होते आणि २० चं प्रॅक्टिकल. जावास्क्रिप्ट, पीएचपी, वेब डिझाइन असं असतं त्यात. ज्याला लांबलचक उत्तरं लिहायचा कंटाळा आहे त्याच्यासाठी भाषेपेक्षा हे बरं, शिवाय भाषेच्या पेपराला लागणारा तयारीचा वेळ वाचतो. सायन्स असो की कॉमर्स, कॉलेजात आयटी असेल आणि लॅब चालू असेल तर जरूर विचार करा.

भाषाच घ्यायची असेल तर संस्कृत! आठवी-नववीपासून संस्कृत केलंय ना, मग सोडू नका, तिथे व्याकरणाचं उत्तर एकच असतं आणि मार्क गणितासारखे पडतात. अर्धमागधी, पाली पण बोर्डाकडे आहेत आणि त्यांनाही मार्क चांगले पडतात असा अनुभव आहे, पण शिकवणारे शिक्षक तुमच्या कॉलेजात असले तरच, नाहीतर सगळं स्वतःच्या जिवावर करावं लागतं. मराठी घेणाऱ्यांना एकच विनंती, आपली मातृभाषा आहे म्हणून पुस्तक परीक्षेपर्यंत कोरं ठेवू नका. इंग्लिशला ८५ आणि मराठीला ७० अशी मार्कशीट मी दरवर्षी बघते, खूप वाईट वाटतं.

कॉमर्सकडे वळते. इथे वाद एकच, मॅथ्स की एसपी. एसपी म्हणजे सेक्रेटरियल प्रॅक्टिस, शेअर, डिबेंचर, पत्रव्यवहार, सगळी थिअरी. ज्यांना लिहायचा वेग आहे, मुद्दे लक्षात राहतात त्यांना एसपीत ८५-९० पडतात. पण कॉमर्सचं मॅथ्स सायन्सइतकं जड नसतं, आणि दहावीला गणितात ७५ च्या पुढे असाल तर माझं मत स्पष्ट आहे, मॅथ्स घ्या. कारण ओसी (ऑर्गनायझेशन ऑफ कॉमर्स), इको आधीच थिअरीचे आहेत, त्यात एसपी आलं की परीक्षेत चार-चार थिअरीचे पेपर लिहून हात आणि डोकं दोन्ही थकतं, मॅथ्स आणि बुक-किपिंग हे दोन विषय टक्केवारी वर खेचतात. शिवाय पुढचं बघा, बीएससी स्टॅटिस्टिक्स असो की दिल्ली युनिव्हर्सिटीचं इकॉनॉमिक्स ऑनर्स, बारावीला मॅथ्स लागतंच. सीएला बारावीत मॅथ्स सक्तीचं नाही, पण सीए फाउंडेशनचा तिसरा पेपर १०० मार्कांचा आहे आणि त्यात मुख्यतः बिझनेस मॅथ्स, स्टॅटिस्टिक्स येतं, चुकीच्या उत्तराला मार्कही कापतात. मॅथ्स सोडून सीएला गेलेली मुलं तिथेच क्लास लावतात.

आणि हो, २०२४ पासून बीएमएस, बीबीए, बीसीएला पण सीईटी सुरू झालीये. "बारावीला ९० पाडते आणि बीएमएसला जाते" एवढ्यावर आता भागत नाही, ते लक्षात ठेवूनच नियोजन करा.

आर्ट्सबद्दल मला सगळ्यात तळमळीने लिहावंसं वाटतं. आर्ट्सला कमी मार्क पडतात हा समज पसरलाय आणि हुशार मुलंसुद्धा घाबरून दुसरीकडे जातात. खरंतर विषयांची मोकळीक सगळ्यात जास्त इथेच असते. भूगोलात नकाशा, आकृत्या आणि २० चं प्रॅक्टिकल असतं, मानसशास्त्रात मुद्देसूद उत्तरं चालतात, इकॉनॉमिक्समध्ये आलेख काढला की मार्क हातात येतात. नव्वद हवेत ना, मग इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र असे तिन्ही लांब उत्तरांचे विषय एकत्र घेऊ नका, त्यातला जो मनापासून आवडतो तो ठेवा आणि बाकी जागी भूगोल, इको, मानसशास्त्र, संस्कृत यातले बघा. एमपीएससी-यूपीएससी डोक्यात असेल तर भूगोल, राज्यशास्त्र, इको हे पुढे खूप कामाला येतात. आणि महाराष्ट्राबाहेर शिकायला जायचं असेल तर सीयूईटीमध्ये (केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेत) दिल्ली युनिव्हर्सिटीसारख्या ठिकाणी बारावीला शिकलेल्याच विषयांची परीक्षा धरतात, त्यामुळे कॉलेजात सोपा म्हणून घेतलेला भलताच विषय तिथे उपयोगाचा नसतो.

विषय पक्का करायच्या आधी करायचं काय, ते सांगते. बोर्डाची पाठ्यपुस्तकं बालभारतीच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. ज्या विषयांबद्दल शंका आहे त्यांचं बारावीचं पुस्तक उतरवा, हो बारावीचंच, अकरावीचं नाही, आणि कुठलाही मधला धडा काढून एक तास वाचा. मग पुस्तक मिटून त्यातलं काय आठवतं ते लिहा. एका तासानंतर पुढचं पान उलटावंसं वाटलं तर तो विषय तुमचा. हे मी प्रत्येकाला करायला लावते आणि निम्म्या मुलांचा निर्णय तिथेच बदलतो. मैत्रीण घेतेय म्हणून घेतलेला विषय या एका तासात उघडा पडतो.

मग कॉलेजात जा. २०२५ पासून अकरावीची ॲडमिशन राज्यभर ऑनलाइन झालीये, फॉर्ममध्ये तुम्ही कॉलेज आणि शाखा भरता, दहापर्यंत पसंती देता येतात, पण विषय मात्र प्रत्यक्ष कॉलेजात ठरतात आणि कॉलेजात तो विषयच नसला तर काही करता येत नाही. म्हणून पसंतीक्रम भरायच्या आधी फोन करा. आयटी आहे का, संस्कृतला कायम शिक्षक आहेत का, बायफोकलच्या सीट किती, लॅब आठवड्यातून किती वेळा. आणि बारावीतल्या दोन मुलांना गेटवर गाठून विचारा की तास होतात का, ती मुलं खरं सांगतात. इंटिग्रेटेडवाल्यांनी (कॉलेज आणि एंट्रन्सचा क्लास एकत्र असतो ते) तर विचाराच, कारण माझ्याकडे अशी मुलं आली आहेत ज्यांनी दोन वर्षांत एकही प्रॅक्टिकल हाताने केलं नव्हतं आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात जर्नल उतरवत बसली होती.

चुकलंच तर? अकरावीचे पहिले काही आठवडे विषय बदलायला सोपे असतात, अर्ज देऊन काम होतं, म्हणून पहिली युनिट टेस्ट नीट मनावर घ्या. तिथे अभ्यास करूनही पन्नासच्या खाली मार्क आले आणि वाचायला बसवत नसेल तर आईवडिलांना तेव्हाच सांगा, रडत सहा महिने काढू नका. बारावीत बोर्डाचा फॉर्म भरून गेला की बदल जवळपास अशक्य होतो. आणि अकरावीचे मार्क बोर्डात धरत नाहीत म्हणून ते वर्ष सोडून देऊ नका, सीईटीत साधारण २० टक्के प्रश्न अकरावीचे असतात, आणि बारावीचं इंटिग्रेशन अकरावीच्या ट्रिगनॉमेट्रीशिवाय हलत नाही.

पालकांनो, तुम्हाला एकच सांगते. विषयाच्या फॉर्मवर सही करताना मुलाने तो एक तास वाचून काय लिहिलंय तो कागद बघायला मागा. नसेल लिहिला तर सही दुसऱ्या दिवशी करा.