फॅक्टरीनं ऑब्जेक्ट बनवताना या चुका टाळा

बेळगावात स्प्रिंग (जावाचं फ्रेमवर्क, ऑब्जेक्ट बनवून एकमेकांना जोडून देतं) शिकून कामाला लागलेली मुलं बघतो, फॅक्टरी, म्हणजे गरजेप्रमाणे ऑब्जेक्ट देणारा क्लास, लिहिताना घोळ ठरलेला. सेटिंगमधून क्लासचं नाव वाचायचं, क्लास.फॉरनेम करायचं, रिफ्लेक्शननं (प्रोग्रॅम चालू असताना नुसत्या नावावरून) ऑब्जेक्ट बनवायचा आणि मग ऑटोवायर्ड फील्ड, जे स्प्रिंगनं भरायचं, ते नल (रिकामं) का, म्हणून डोकं धरून बसायचं. जो ऑब्जेक्ट स्प्रिंगनं बनवलाच नाही, त्यात स्प्रिंग काय भरणार? ट्रान्झॅक्शनल ही खूणही (डेटाबेसचं काम एक तर पूर्ण, नाहीतर रद्द) तिथं चालत नाही, मध्ये हे सांभाळणारा स्प्रिंगचा प्रॉक्सीच नसतो.

निपाणीकडच्या एका पतसंस्थेनं सॉफ्टवेअर बघायला बोलावलं होतं. खातेदार सांगेल तशी पावती मराठीत किंवा कन्नडमध्ये. मराठीचा क्लास स्प्रिंगकडं; कन्नडचा मागाहून घाईत जोडलेला, रिफ्लेक्शननं. त्यात पावती क्रमांक देणारा ऑब्जेक्ट नल. कुणीतरी ओळ टाकली: नल असेल तर न्यू, म्हणजे आपणच नवा बनवायचा. एरर गेली, काम पुढं गेलं. पण क्रमांक देणारे आता दोन झाले. दोघांनी सकाळी डेटाबेसमधून शेवटचा नंबर उचलला आणि तिथून आपापलं मोजत सुटले. एकाच नंबरच्या दोन पावत्या, एक मराठी, एक कन्नड. संध्याकाळी कॅशियर बाई हिशोब लागेना म्हणून रडकुंडीला आल्या होत्या. क्रमांकावर युनिक इंडेक्ससुद्धा (तोच नंबर दुसऱ्यांदा घेऊ न देणारा डेटाबेसचा नियम) नव्हता!

नल दिसला की बुजवू नका, ऑब्जेक्ट कुणी बनवला ते शोधा. गरजेच्या वस्तू कन्स्ट्रक्टरातूनच (ऑब्जेक्ट बनताना चालणारा कोड) मागा. काहीच न मागणारा रिकामा कन्स्ट्रक्टर नसेलच, तर असला आडमार्ग पहिल्याच रनला अडतो.

मी सगळ्या पावत्यांचे क्लास कंपोनंट करतो, म्हणजे स्प्रिंगच्या ताब्यात देतो, आणि फॅक्टरीच्या कन्स्ट्रक्टरात स्ट्रिंग-ते-पावती असा मॅप (नावावरून ऑब्जेक्ट देणारी यादी) मागतो. बीनचं (स्प्रिंगनं सांभाळलेल्या ऑब्जेक्टचं) नाव चावी म्हणून घेऊन स्प्रिंग तो भरून देतं. फॅक्टरीनं फक्त निवडायचं. उद्या इंग्रजी पावती आली तरी फॅक्टरीला हात लागत नाही. मात्र हे ऑब्जेक्ट सगळ्यांत मिळून एकच असतात, खातेदाराचं नाव फील्डमध्ये ठेवू नका.

बाहेरून जार (जावा क्लासांची फाइल) येते आणि क्लास चालू असतानाच कळतो, असं खरंच असेल तर स्प्रिंगच्याच ऑटोवायर-केपेबल-बीन-फॅक्टरीचं क्रिएटबीन वापरा. काम झाल्यावर डिस्ट्रॉयबीनही तुम्हीच करायचं.

अख्खा ॲप्लिकेशन-कॉन्टेक्स्ट (स्प्रिंगचे सगळे बीन ठेवणारा डबा) प्रत्येक क्लासात कोंबू नका; टेस्ट लिहिताना रडाल.

सिंगलटनमध्ये (सगळ्यांत मिळून एकच असणारा बीन) प्रोटोटाइप (मागेल तेव्हा नवा बनणारा बीन) टोचला, म्हणजे स्प्रिंगकडून भरून घेतला, तर तो प्रोटोटाइप एकदाच बनतो. दरवेळी नवा हवा तर ऑब्जेक्टप्रोव्हायडर घ्या.