हॉकर सेंटरमध्ये पहिल्यांदा : सिंगापुरात चौघांनी नीट कसं खावं

सिंगापूरच्या सहलीत अनेक मराठी कुटुंबं रोज रात्री टूरवाल्यांनी ठरवलेल्या भारतीय हॉटेलात पनीर आणि जिरा राइस जेवून परत येतात. निदान एक दुपार हॉकर सेंटरसाठी राखून ठेवा. एकाच छपराखाली चिनी, मलय, तमिळ, पेरानाकन (चिनी-मलय मिश्र परंपरेची) अशी स्वयंपाकघरं शेजारी शेजारी मांडलेली असतात आणि बहुतेक प्लेटा 4 ते 7 सिंगापूर डॉलरच्या आत मिळतात. पण तयारीशिवाय गेलात तर पहिल्याच स्टॉलवर पोट भरतं, जागा मिळत नाही आणि शाकाहारी माणूस उपाशी राहतो. या तिन्ही गोष्टी टाळता येतात.

हॉकर म्हणजे फेरीवाला. 1968-69 मध्ये तिथल्या सरकारनं रस्त्यावरच्या सुमारे 18,000 फेरीवाल्यांची नोंदणी केली आणि 1971 ते 1986 या काळात त्यांना नळ, वीज आणि गटाराची सोय असलेल्या इमारतींमध्ये हलवलं. डिसेंबर 2020 मध्ये या खाद्यसंस्कृतीचा युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. खाणाऱ्यानं लक्षात ठेवावं ते एवढंच, की हातगाडीवर एक-दोनच पदार्थ मावायचे आणि ती सवय इमारतीत आल्यावरही सुटली नाही. म्हणून आधी पदार्थ ठरवा आणि मग तोच पदार्थ करणारा स्टॉल शोधा. ज्या पाटीवर दोन-तीनच नावं आहेत तिथे उभे राहा. पाटीवर पंचवीस फोटो असतील तर सहसा पुढे सरका.

कुठे आणि किती वाजता

पहिल्या खेपेला चायनाटाउनमधलं मॅक्सवेल फूड सेंटर सोयीचं. मॅक्सवेल याच नावाचं मेट्रो स्टेशन अगदी जवळ आहे आणि शंभराच्या आसपास स्टॉल असल्यानं जागा फार मोठी वाटत नाही. तिथूनच जवळ असलेल्या चायनाटाउन कॉम्प्लेक्समध्ये दोनशेहून जास्त स्टॉल आहेत. नवखा माणूस तिथे गोंधळतो. शाकाहारी मंडळी जास्त असतील तर लिटल इंडियातलं टेक्का सेंटर बरं. लाउ पा साट ही 1894 ची ओतीव लोखंडाच्या खांबांची अष्टकोनी इमारत संध्याकाळी पाहण्यासारखी असते. अंधार पडला की शेजारचा बून टॅट रस्ता वाहनांना बंद होतो आणि तिथे कोळशावर साटे, म्हणजे काडीला लावलेले मांसाचे तुकडे, भाजायला लागतात.

वेळ चुकली की सगळं चुकतं. बारा ते दीड या वेळात ऑफिसातली गर्दी येते, म्हणून पावणेअकरा-अकराला पोहोचा. संध्याकाळी सहाच्या आधी. नाश्त्याचे स्टॉल सकाळीच आवरतात आणि नावाजलेल्या स्टॉलचा माल कधी कधी दुपारी एक-दीडलाच संपतो. सोमवारी बरेच स्टॉल सुट्टीवर असतात. शिवाय ठरावीक महिन्यांनी अख्खं सेंटर साफसफाईसाठी बंद ठेवतात. या तारखा राष्ट्रीय पर्यावरण संस्थेच्या संकेतस्थळावर आधीच लागतात, तेव्हा हॉटेलातून निघण्यापूर्वी एकदा पाहून घ्या.

सोबत तीन गोष्टी हव्यात. 2, 5 आणि 10 डॉलरच्या सुट्या नोटा, कारण क्यूआर कोड सगळीकडे दिसले तरी त्यातले बरेच स्थानिक बँक खात्याला जोडलेले असतात आणि आपलं कार्ड चालेलच असं नाही. कागदी रुमालांची पाकिटं, कारण स्टॉलवर रुमाल मिळत नाही. आणि पाण्याची बाटली, कारण टेबलावर पाणी आणून ठेवायची पद्धत नाही. तिथलं नळाचं पाणी थेट पिण्यालायक आहे, बाटली हॉटेलातच भरून घ्या. कपडे सुती घाला. बहुतेक सेंटर चारी बाजूंनी उघडी असतात, एसी नसतो, वर फक्त पंखे.

जागा धरणं आणि ऑर्डर देणं

आधी टेबल, मग रांग. टेबलावर कागदी रुमालाचं पाकीट ठेवलेलं दिसलं की ती जागा गेली असं समजायचं. याला तिथे 'चोप' करणं म्हणतात. तुम्हीही तसंच करा, पण त्यासाठी फोन किंवा पाकीट टेबलावर सोडून जाऊ नका. चौघे असाल तर एकाला टेबलावर बसवणंच उत्तम. जागा नसेल तर अनोळखी माणसाच्या टेबलावर विचारून बसायला कोणाचीच हरकत नसते. बसलात की टेबलाचा क्रमांक पाठ करा. काही स्टॉलवाले पदार्थ आणून देतात आणि क्रमांक विचारतात. 'सेल्फ सर्व्हिस' अशी पाटी असेल तिथे स्वतः उभं राहून घ्यावं लागतं.

मालकाला अंकल, मालकिणीला आँटी म्हणायचं. आपल्या काका-मावशीसारखंच ते तिथे सहज वापरतात. पाटीवर एका पदार्थापुढे 4, 5, 6 असे तीन आकडे दिसतील, ते लहान-मध्यम-मोठ्या प्लेटचे भाव असतात. बोटानं सर्वांत लहान आकडा दाखवा. लहान प्लेट म्हणजे एका माणसाचं पूर्ण जेवण. मोठी प्लेट मागवून चौघांत वाटण्यापेक्षा चार स्टॉलच्या चार लहान प्लेटा आणणं कधीही चांगलं. 'हॅविंग हिअर?' असं विचारलं की मान डोलवा. बांधून हवं असेल तर 'दा बाव' म्हणा.

काय खावं

सुरुवात हायनानीज चिकन राइसनं करा. दिसायला उकडलेली कोंबडी आणि पांढरट भात, पण कसोटीचा पदार्थ आहे. अख्खी कोंबडी खळखळत्या नव्हे, तर जेमतेम हलणाऱ्या पाण्यात शिजवतात आणि बाहेर काढून लगेच बर्फाच्या पाण्यात बुडवतात. त्यामुळे मांस ओलसर राहतं, कातडी ताणली जाते आणि तिच्याखाली थरथरता पारदर्शक थर जमतो. हाडाजवळ किंचित गुलाबी दिसलं तर कच्चं आहे असं समजून परत करू नका, या पद्धतीत तसं दिसू शकतं. तांदूळ कोंबडीच्या चरबीत लसूण-आल्यासह परतून तिच्याच रश्श्यात शिजवलेला असतो. पहिला घास नुसत्या भाताचा घ्या. तोच सपक लागला तर स्टॉल साधारण आहे हे कळतं. मग आल्याची चटणी, आंबट-तिखट लाल चटणी आणि गडद गोडसर सोया सॉस. तिन्ही एकदम ओतू नका. मॅक्सवेलमधल्या तियान तियान या प्रसिद्ध स्टॉलपुढे लांब रांग असते. अकराच्या आधी पोहोचलात तर तिथे थांबा, बारा वाजले असतील तर आसपासच्या दुसऱ्या चिकन राइसवाल्याकडे जा. तासभर उकाड्यात उभं राहण्याइतका फरक नवख्या जिभेला कळत नाही.

चार क्वे टियाव म्हणजे तांदळाच्या रुंद, चपट्या नूडल्स. लोखंडी कढईत मोठ्या आचेवर अंडं, शिंपल्या, चिनी सॉसेज आणि गोड सोया सॉससह परततात. तापलेल्या कढईचा धुरकट वास हाच त्याचा जीव आणि तो तीन-चार मिनिटांत उडतो. गार झालं की उरतात चिकट, तेलकट नूडल्स. म्हणून ही प्लेट आली की बाकी सगळं बाजूला ठेवायचं. अनेक ठिकाणी यात डुकराची चरबी असते, चालत नसेल तर आधीच सांगा किंवा मलय स्टॉलवरचं 'मी गोरेंग' (परतलेल्या नूडल्स) घ्या.

कॅरट केक हे नाव फसवतं. त्यात गाजर नसतं, केकही नसतो. तांदळाचं पीठ आणि पांढरा मुळा यांची उकडलेली वडी करून तिचे तुकडे अंडं आणि खारवलेल्या मुळ्याबरोबर तव्यावर परततात. तिथल्या चिनी बोलीत मुळा आणि गाजर यांना एकच मूळ शब्द आहे, त्यातून हे भाषांतर झालं. पांढरा आणि काळा असे दोन प्रकार मिळतात. काळ्यात गोड सोया सॉस असतो. आधी पांढरा घ्या, कडा कुरकुरीत भाजल्या आहेत का ते त्यातच कळतं. कोथिंबीर वडी आवडणाऱ्याला हा पदार्थ पहिल्या घासात पटतो.

लाक्सा हा रश्श्यातल्या नूडल्सचा पदार्थ नारळाच्या दुधाचा आहे म्हणून आपल्याला ओळखीचा वाटतो, पण त्याच्या वाटणात सुकट असते. वाटीच्या तळाशी मसाला बसतो, खाण्यापूर्वी खालपर्यंत ढवळा. साटे सहसा किमान दहा काड्यांचा घ्यावा लागतो. चिकन, मटण, बीफ असे प्रकार असतात आणि मिश्र मागितलं तर तिन्ही येऊ शकतात, तेव्हा काय नको ते स्पष्ट सांगा. शेंगदाण्याच्या सॉसवर तेल तरंगत असेल तर काडीनं ढवळून मगच बुडवा. शेंगदाणा किंवा कोळंबीची अॅलर्जी असणाऱ्यानं मात्र प्रत्येक स्टॉलवर विचारल्याशिवाय काही तोंडात घालू नये. हे दोन्ही न दिसता अनेक सॉसमध्ये असतात.

शाकाहारी असाल तर

'नो मीट' एवढं सांगून काम भागत नाही. चिकन काढून टाकलेला चिकन राइस शाकाहारी होत नाही, भातच चरबीत केलेला असतो. परतलेल्या पालेभाजीत ऑयस्टर सॉस, मलय सांबलमध्ये बेलाचान म्हणजे कोळंबीचा आंबवलेला गोळा, रोजाक या फळांच्या कोशिंबिरीच्या काळ्या सॉसमध्येही कोळंबी. स्टॉलवाला फसवत नसतो, त्याच्या लेखी ते मांस नाही. म्हणून वस्तूचं नाव घेऊन विचारा : प्रॉन, फिश सॉस, ऑयस्टर सॉस, लार्ड (डुकराची चरबी), एग. पाचही.

खात्रीचा रस्ता म्हणजे पाटीवर ठळक 'वेजिटेरियन' लिहिलेला चिनी स्टॉल. तो बौद्ध परंपरेतला असतो, त्यामुळे बहुधा कांदा-लसूणही नसतो. जैन मंडळींनी मुळे-कंद तेवढे विचारून घ्यावेत. तिथला वेजिटेरियन बी हून मागवा : बारीक तांदळाच्या शेवया, कोबी, तळलेली सोयाबीनची साय आणि गव्हाच्या सत्त्वाचे मांसासारखे दिसणारे तुकडे. हे तुकडे पाहून दचकू नका. चिनी महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला अनेक बौद्ध लोक शाकाहार पाळतात, त्या दिवशी इथे रांग मोठी असते. जवळच 'इकॉनॉमिक बी हून' अशी पाटी दिसली तर ते वेगळं, तशाच दिसणाऱ्या शेवया पण शाकाहाराची हमी नाही.

टेक्काला रोटी पराटा घेतलात तर सोबतची आमटी आधी सांगा. न सांगता बऱ्याचदा माशाची किंवा मटणाची करी येते. 'डाल' म्हटलं की डाळ मिळते. तिथे पुतु मायम दिसला तर कोकणातल्या माणसानं सोडू नये. आपल्या शिरवाळ्यांसारख्याच तांदळाच्या वाफवलेल्या शेवया, वर ओलं खोबरं आणि साखर.

कोपी मागण्याची भाषा

पेयांचा स्टॉल वेगळा असतो आणि तिथे भराभर बोलावं लागतं. नुसतं 'कोपी' म्हटलं की घट्ट गोड कंडेन्स्ड दुधाची कडक कॉफी येते. दूध नको, साखर हवी तर कोपी-ओ. आटवलेलं बिनसाखरेचं दूध आणि वेगळी साखर हवी तर कोपी-सी. साखर अजिबात नको असेल तर शेवटी 'कोसोंग', कमी हवी तर 'सियु दाय', दाट हवी तर 'गाव', बर्फ घालून हवी तर 'पेंग'. चहासाठी कोपीच्या जागी 'ते' म्हणा, बाकी व्याकरण तेच. मधुमेह असलेल्यांनी 'कोपी-सी कोसोंग' हे दोन शब्द लिहूनच न्यावेत. 'कोपी कोसोंग' म्हणून चालत नाही, कारण त्या दुधातच साखर असते. आल्याचा चहा हवा तर 'ते हालिया'.

चौघांचा क्रम

पावणेअकराला एकजण टेबलावर, एकजण पेयांना, दोघं दोन वेगळ्या रांगांत. पहिल्या फेरीत एक चिकन राइस आणि एक कॅरट केक. ते संपत आलं की दुसऱ्या फेरीत एक चार क्वे टियाव किंवा लाक्सा आणि दोन पोपिया. पोपिया म्हणजे मऊ पातळ पोळीत शिजवलेल्या कंदाचं सारण, बहुधा कोळंबी किंवा अंड्यासकट. सगळं एकदम मागवू नका, अर्धं गार होतं. मधे दहा मिनिटं थांबून मग चेंडोल : बर्फ, नारळाचं दूध, पानदान नावाच्या सुगंधी पानाच्या हिरव्या शेवया आणि ताडाचा गूळ. गूळ तळाशी असतो, ढवळूनच खा. एवढ्यात चौघांचं 30 ते 40 डॉलरमध्ये व्यवस्थित होतं.

उठताना ताट-वाट्या, काड्या, वापरलेले रुमाल सगळं उचलून ट्रे ठेवायच्या मांडणीवर न्यायचं. 1 सप्टेंबर 2021 पासून हॉकर सेंटरमध्ये याची सक्तीनं अंमलबजावणी होते. पहिल्या चुकीला लेखी ताकीद, दुसऱ्या वेळी 300 डॉलर दंड. हलाल आणि बिगरहलाल भांड्यांच्या मांडण्या वेगळ्या असतात. पाटी वाचून ठेवा, डुकराचं मांस असलेलं ताट चुकीच्या बाजूला ठेवणं ही तिथे खरोखर मन दुखावणारी गोष्ट आहे.

निघताना ओंडे-ओंडे मिळाले तर चार बांधून घ्या. चिकट तांदळाच्या हिरव्या गोळ्या, आत ताडाचा गूळ, बाहेर ओलं खोबरं, जणू उलटा केलेला उकडीचा मोदक. अर्धा चावलात तर पातळ गूळ थेट सदऱ्यावर उडतो, अख्खा तोंडात घालून ओठ मिटूनच चावा. संध्याकाळपर्यंत संपवा. बाहेर ठेवले तर खोबरं आंबतं आणि फ्रीजमध्ये ठेवले तर पीठ आवळून घट्ट होतं.