चिनी बल्य वनौषधी आणि लैंगिक आरोग्य : आधी उणीव ओळखा, मग औषध निवडा

चिनी वैद्यकातील बल्य औषधांसाठी ‘बू’ ही क्रिया वापरली जाते आणि तिचा अर्थ ‘उणे असेल ते भरून काढणे’ असा आहे. जे उणे नाही ते भरण्याचा प्रयत्न केला तर फायदा होण्याऐवजी अपायच होतो, असे ही परंपरा स्वतःच सांगते. बाजारात मात्र हीच औषधे सरसकट ‘पुरुषांची ताकद वाढवणारी’ म्हणून विकली जातात. म्हणून ती घेऊ इच्छिणाऱ्याने पहिला प्रश्न ‘कोणती वनस्पती?’ असा न विचारता ‘मला नेमके काय होत आहे?’ असा विचारावा.

या प्रश्नाचे अर्धे उत्तर आधुनिक तपासणीत मिळते आणि ती टाळू नये. लिंगाला ताठरता न येण्याची तक्रार काही आठवड्यांहून अधिक काळ टिकली, तर रक्तातील साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि सकाळच्या वेळी घेतलेल्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन यांची तपासणी करून घ्यावी. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा अरुंद असतात, त्यामुळे पुढे हृदयापर्यंत जाणारा आजार कधी कधी आधी येथेच दिसू लागतो. अशा वेळी काढे घेत सहा महिने घालवणे म्हणजे मिळालेला इशारा दडपून टाकणे होय. रक्तदाबाची काही औषधे आणि नैराश्यावरील अनेक गोळ्याही कामेच्छा कमी करतात. तसे असेल तर औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलावे. गोळी स्वतःहून बंद करू नये.

उरलेले अर्धे उत्तर चिनी निदानपद्धतीचे आहे. तिच्या मते प्रजनन, वाढ आणि वार्धक्य यांचे मूळ ‘शेन’ या संस्थेत असते आणि ‘जिंग’ हे सारतत्त्व तेथेच साठवले जाते. ‘शेन’चे भाषांतर मूत्रपिंड असे केले जाते, पण सोनोग्राफीत दिसणारे मूत्रपिंड आणि ही संकल्पना एक नव्हेत. मराठी वाचकाला येथे आयुर्वेदातील शुक्रधातू आणि वाजीकरण आठवणे स्वाभाविक आहे. साम्य आहेही, परंतु दोन्ही शास्त्रांची निदाने एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. शेनचा ‘यांग’, म्हणजे ऊब व चेतना देणारी बाजू, कमी झाला, तर हातपाय व कंबर गार पडणे, कंबर दुखणे, रात्री वारंवार लघवीला उठणे, कामेच्छा मंदावणे आणि ताठरता न येणे अशी लक्षणे सांगितली आहेत. ‘यिन’, म्हणजे गारवा व ओलावा देणारी बाजू, कमी झाला, तर तळहात-तळपाय तापतात, रात्री घाम येतो, तोंड कोरडे पडते, कानात आवाज येतो. इच्छा असते, किंबहुना अस्वस्थ करणारी असते, पण शीघ्रपतन होते. नेमकी येथेच सर्वाधिक चूक होते. दुसऱ्या प्रकारच्या माणसाने पहिल्या प्रकारची उष्ण औषधे घेतली, तर आगीत तेल ओतल्यासारखे होते.

यांग वाढवणाऱ्या औषधांत सर्वांत प्रसिद्ध यिन यांग हुओ, म्हणजे एपिमेडियमची पाने. ती खाऊन बोकड-मेंढ्यांचा कामावेग वाढल्याचे गुराख्यांच्या लक्षात आले, ही कथा चिनी वैद्यकलेखक ताओ होंगचिंग (४५६–५३६) यांच्यापासून सांगितली जाते. या पानांतील इकारीन हे द्रव्य प्रयोगशाळेत फॉस्फोडायस्टरेज-५ या विकराला (एन्झाइमला) अडवते. ताठरतेसाठी दिले जाणारे सिल्डेनाफिल (व्हायग्रा) हे औषधही त्याच विकरावर काम करते, मात्र इकारीनचा जोर तुलनेने बराच कमी असतो. वाळवंटी झुडपांच्या मुळांवर वाढणारी रोऊ त्सोंग रोंग ही परजीवी वनस्पती यांग वाढवताना कोठाही सौम्यपणे मोकळा करते, म्हणून ती वृद्धांना अधिक मानवते असे मानतात. अतितोडीमुळे तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले आहेत. लागवडीचा माल मिळत असेल तर तोच घ्यावा. तू स ज़ हे आपल्या ओळखीच्या अमरवेलीच्या कुळातील बी आहे, पण म्हणून कुंपणावरची अमरवेल ओरबाडून काढा करू नये, कारण जाती वेगळ्या आहेत.

यिन भरून काढणाऱ्या औषधांचे प्रमुख उदाहरण म्हणजे शू दी हुआंग, अर्थात मद्यात वारंवार वाफवून काळे केलेले रेहमानियाचे मूळ. सहा द्रव्यांच्या ‘लिउ वेइ दी हुआंग’ गोळीत ते सर्वांत जास्त असते. चीनच्या सोंग राजवटीच्या काळातील बालरोगतज्ज्ञ छ्येन यी यांनी एका जुन्या पाठातून (औषधयोगातून) दालचिनी आणि बचनागाच्या कुळातील फू ज़ काढून टाकून ही गोळी मुलांसाठी बनवली होती. आज तीच पुरुषार्थाच्या नावाने विकली जाते, याची गंमत वाटते. शू दी हुआंग पचायला जड असल्यामुळे पाठात निचरा करणारी द्रव्येही घातलेली असतात. नुसते शू दी हुआंग उकळून प्यायल्यास पोट फुगते.

जिनसेंग हे ‘ची’चे, म्हणजे प्राणशक्तीचे औषध आहे आणि लैंगिक परिणाम हा त्याचा मूळ हेतू नव्हे. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०२१ मध्ये ९ अभ्यास आणि ५८७ पुरुष यांचा आढावा घेतला. प्रमाणित प्रश्नावलीने मोजल्यास ताठरतेवरील परिणाम नगण्य असावा, मात्र काही पुरुषांना स्वतःला फरक जाणवला, असे त्यात दिसले. पुरावाही कमकुवत ठरला. स्त्रियांच्या पाळीसाठी आणि रक्त भरून काढण्यासाठी दांग ग्वे हे मूळ वापरतात, पण त्याला कामोत्तेजक म्हणणे ही निव्वळ जाहिरात आहे.

काढ्यासाठी मातीचे किंवा काचेचे भांडे घ्यावे. लोखंड आणि ॲल्युमिनियम वर्ज्य मानले आहे. द्रव्ये अर्धा तास पाण्यात भिजवावीत, उकळी आल्यावर आच मंद करावी आणि बल्य औषधे साधारण ४० ते ६० मिनिटे शिजू द्यावीत. गाळून घेतलेल्या चोथ्यात पुन्हा पाणी घालून दुसरा काढा करावा आणि दोन्ही एकत्र करून दिवसातून दोनदा घ्यावेत. महागडे जिनसेंग वेगळे उकळून शेवटी मिसळतात. मात्रा वैद्याने ठरवलेलीच असावी. अंदाज यावा म्हणून सांगायचे, तर यिन यांग हुओ दिवसाला ६ ते १० ग्रॅम आणि जिनसेंग ३ ते ९ ग्रॅम ही प्रचलित मर्यादा आहे. ताप किंवा सर्दी असताना बल्य औषध बंद ठेवावे. चोर घरात असताना दार लावून घेणे, अशी त्यासाठी चिनी वैद्यांची उपमा आहे.

खरेदी करताना एक कसोटी फार उपयोगी पडते. खरे बल्य औषध आठवड्यांच्या हिशेबाने काम करते. ‘वनौषधी’ म्हणून घेतलेल्या गोळीने तासाभरात परिणाम दाखवला, तर तीत सिल्डेनाफिल किंवा त्याचे भाऊबंद मिसळलेले असण्याची शंका घ्यावी. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला अशी उत्पादने वारंवार सापडली आहेत. छातीच्या दुखण्यासाठी जिभेखाली नायट्रेटची गोळी ठेवणाऱ्या रुग्णाला ही भेसळ प्राणघातक ठरू शकते, कारण दोन्हींमुळे रक्तदाब एकाएकी कोसळतो. पुडीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव, वापरलेला भाग आणि बॅच क्रमांक नसेल तर ती घेऊ नये. सिंगापुरात राहणाऱ्या मराठी वाचकांना नोंदणीकृत चिनी वैद्याकडे जाणे सोपे आहे, कारण तेथे नोंदणी कायद्याने सक्तीची आहे. वाघाची हाडे, समुद्रघोडे यांसारख्या प्राणिजन्य ‘शक्तिवर्धकां’पासून दूर राहावे; वाघाच्या हाडांचा औषधी वापर चीननेही १९९३ मध्येच बंद केला.

काही धोके आधीच माहीत असावेत. केस काळे ठेवण्यासाठी आणि पौरुषासाठी खपणाऱ्या हो शोऊ वू या मुळामुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अनेक देशांत आहेत, त्यामुळे स्वतःच्या मनाने ते मुळीच घेऊ नये. फू ज़ नीट शुद्ध केलेले आणि पुरेसे उकळलेले नसेल तर हृदयाची लय बिघडवते. बचनाग किती विषारी असतो हे ठाऊक असलेल्यांना वेगळे सांगायला नको. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्यांनी दांग ग्वे आणि गोजी बेरी टाळावी. अनेक पाठांत असलेले ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते. गर्भवती व स्तनदा स्त्रिया, तसेच स्तन किंवा प्रोस्टेट यांच्या कर्करोगाचे रुग्ण यांनी यांपैकी काहीही आपल्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज घेऊ नये. शस्त्रक्रिया ठरली असेल तर किमान दोन आठवडे आधी भूलतज्ज्ञांना कल्पना द्यावी.

औषध सुरू केल्यावर झोप, घाम, तहान, शौच आणि लैंगिक तक्रार यांची वहीत रोज दोन ओळींची नोंद ठेवावी व दर एक-दोन आठवड्यांनी ती वैद्याला दाखवावी, कारण लक्षणे बदलतात तसा पाठही बदलावा लागतो. तोंड कोरडे पडणे, छातीत धडधडणे किंवा झोप उडणे सुरू झाले, तर मात्रा कमी करून पाहत बसू नये. औषध थांबवून वैद्याकडे जावे. डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद झाली, तर वैद्याकडे नव्हे, थेट रुग्णालयात जावे आणि सोबत औषधाची पुडी न्यावी.