बेळगावात नवीन आलात? स्कूटर घ्याच, पण नंबर बघून घ्या

कोल्हापूर, सांगली, चंदगड किंवा सावंतवाडीहून नोकरी-शिक्षणासाठी बेळगावात आलेली माणसं पहिल्या वर्षात दोन चुका हमखास करतात. काहीजण गावाकडची कार इकडे आणतात. काहीजण ओळखीतून स्वस्तात मिळालेली एमएच-०९ची, म्हणजे कोल्हापूरच्या नंबरची, जुनी स्कूटर नावावर न करता नुसत्या सह्यांवर घेऊन येतात. पहिल्या चुकीचं नुकसान पेट्रोलच्या बिलात दिसतं आणि तिथेच थांबतं. दुसरी चूक माणसाला कोर्टापर्यंत नेऊ शकते, म्हणून तिच्यावर मी जास्त लिहिणार आहे.

आधी कारचा हिशेब. घर अनगोळ किंवा वडगावला आणि काम उद्यमबाग किंवा मच्छेला असेल, तर जाऊन-येऊन, बाजारहाट धरून दिवसाला वीसेक किलोमीटर होतात. महिन्याचे २५ दिवस धरले तर ५०० किलोमीटर. ११० सीसीची स्कूटर शहरात लिटरला ४५ देते असं धरा, म्हणजे ११ लिटर. कार गर्दीत १५ देईल, म्हणजे ३३ लिटर. हिशेबाला लिटरचे १०० रुपये धरले तर महिन्याला २,२०० रुपयांचा फरक फक्त पेट्रोलचा. शिवाय गणपत गल्ली, मारुती गल्ली, खडेबाजार या भागात कार लावायला जागा शोधण्यात जो वेळ जातो, तेवढ्यात स्कूटरवाला भाजी घेऊन घरी पोचतो.

गाडी कुठली घ्यावी यावर लोक तासन्‌तास बोलतात. अ‍ॅक्टिव्हा, ज्युपिटर, अ‍ॅक्सेस, तिन्ही चांगल्या, तिन्हींचं सामान इथे मिळतं. बेळगावचे रस्ते पाहता फक्त चाकांचा विचार करा. ज्युपिटरला पुढे-मागे दोन्ही चाकं १२ इंची आहेत, अ‍ॅक्टिव्हाला मागचं १० इंची. लहान चाक खड्ड्यात जास्त आपटतं. खानापूर रोडवरून किंवा जांबोटीकडे रोज जाणं असेल तर हा फरक कमरेला कळतो. घरातल्या हलक्या अंगाच्या माणसाने चालवायची असेल तर शोरूममध्येच ती मेन स्टँडवर चढवून बघायला सांगा.

नवीन घेताना ‘ऑन रोड किती’ एवढं विचारून थांबू नका. एक्स-शोरूम किंमत, आजीव कर, नोंदणी फी, विमा आणि ‘इतर’ हे आकडे वेगवेगळे लिहून मागा. ‘इतर’मध्ये हँडलिंगचे पैसे आणि न मागितलेल्या अ‍ॅक्सेसरीज घातलेल्या असतात, त्या काढायला सांगता येतात. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर तो भरून देणारा) पाच वर्षांचा असतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. ‘पाच वर्षांचा इन्शुरन्स आहे’ या समजुतीत दुसऱ्या वर्षापासून तो भाग बंद पडतो आणि गाडी चोरीला गेल्यावर हातात काही येत नाही. पॉलिसीवर दोन वेगळ्या तारखा छापलेल्या असतात, दोन्ही बघा. मुदत संपून ९० दिवस उलटले तर नो क्लेम बोनसही, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूटही, जाते.

आता जुनी गाडी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. त्यामुळे ‘मी एवढ्याला घेतली होती’ म्हणून जुनं बिल दाखवणाऱ्याशी आजच्या नव्या गाडीच्या किमतीवरून बोला.

बघायला जाल तेव्हा गाडी थंड असू दे. इंजिनाला आधी हात लावून बघा. कुणी आधीच सुरू करून तापवून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या. थंड गाडी सुरू करून रेस केल्यावर निळसर धूर आला तर ऑइल जळतंय, म्हणजे रिंग-पिस्टन किंवा व्हॉल्व्ह सीलचं काम निघणार. जागेवरून निघताना गाडी थरथरली तर क्लच शू आणि बेल बघावी लागेल. पिकअप मेलेला आणि डाव्या बाजूच्या कव्हरमधून खडखड येत असेल तर व्हेरिएटरमधले (गिअरचं काम करणाऱ्या भागातले) रोलर चपटे झालेत. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा, मध्यावर अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेला. किलोमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, ब्रेक लिव्हरची झीज आणि पायाखालचं रबर बघा. टायरवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. १२,००० किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीचे दोन्ही टायर बदललेले असतील तर कारण विचारा.

आणि खाली वाकून बघा. गोव्याच्या, कोकणातल्या आणि खानापूर-कणकुंबी पट्ट्यातल्या गाड्यांचा फूटबोर्डखालचा पत्रा आणि चासी गंजलेली असते. वरून पॉलिश मारलेली असते, त्यामुळे फोटोत काही दिसत नाही. अथणी, रायबागकडची गाडी या बाबतीत बरी, तिकडे पाऊसच कमी.

आता मुख्य गोष्ट. विक्रेता आरसी बुक (गाडीच्या नोंदणीचा दाखला) आणि सही केलेले फॉर्म २९ व ३०, म्हणजे नाव बदलण्याचे अर्ज, तुमच्या हातात ठेवतो आणि म्हणतो, ‘सावकाश नावावर करून घ्या.’ तिथे पैसे देऊ नका. गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली आहे तोच कायद्याने मालक, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या एका निकालात स्पष्ट केलं आहे. तुमच्या हातून अपघात झाला तर भरपाईची नोटीस आधी कोल्हापूरच्या त्या माणसाला जाणार, आणि तो स्वतःला वाचवायला तुमचं नाव पुढे करणार. गाडी चोरीला गेली किंवा मोडली तर विमा कंपनीच्या दृष्टीने तुम्ही गाडीचे कोणीच नाही. नाव बदलल्यावर थर्ड पार्टीचा भाग नव्या मालकाकडे जातो, पण नुकसानीचा भाग आपोआप जात नाही. १४ दिवसांत कंपनीला कळवून पॉलिसीही नावावर करून घ्यावी लागते.

राज्य ओलांडून गाडी घेताना काम दुप्पट होतं. क्रम असा ठेवा. परिवहन पोर्टलवर गाडीचा नंबर घालून कर्जाची नोंद, विम्याची तारीख आणि थकलेली चलनं बघा. कर्ज फिटलेलं असेल तरी आरसीवर बँकेचं नाव राहिलेलं असतं, ते फॉर्म ३५ आणि बँकेच्या दाखल्याने काढायला लावा. मग विक्रेत्याने त्याच्या आरटीओतून फॉर्म २८ वर ना हरकत दाखला, म्हणजे एनओसी, काढायची. तीन प्रती लागतात, त्यावर चासी नंबरचा पेन्सिल प्रिंट घ्यावा लागतो आणि चलनं भरल्याशिवाय ती मिळत नाही.

या एनओसीवर कुठल्या आरटीओसाठी ते लिहिलेलं असतं आणि इथेच लोक फसतात. जिल्ह्यात वेगवेगळी कार्यालयं आहेत आणि प्रत्येकाचा नंबर वेगळा: बेळगाव शहर केए-२२, चिक्कोडी केए-२३, बैलहोंगल केए-२४, गोकाक केए-४९. निपाणीत राहणारा माणूस ‘बेळगाव जिल्हा’ म्हणून बेळगावची एनओसी घेऊन येतो, आणि त्याचं कार्यालय चिक्कोडी असतं. मग परत कोल्हापूरच्या खेपा. अर्ज भरायच्या आधी आपला पत्ता कुठल्या कार्यालयात येतो ते विचारून घ्या.

इकडे आल्यावर फॉर्म २७ नव्या नंबरासाठी, २९ आणि ३० नाव बदलण्यासाठी, सोबत मूळ एनओसी, आरसी, विमा, पीयूसी आणि पत्त्याचा पुरावा. गाडी तपासायला न्यावी लागते. गाडीच्या वयानुसार कर्नाटकचा कर भरावा लागतो, महाराष्ट्रात भरलेला कर इकडे वळता होत नाही. त्याच्या परताव्याचा अर्ज जुन्या कार्यालयात वेगळा. केए नंबर मिळाला की नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, मग विम्यावर नवा नंबर. हा सगळा खर्च आणि खेपा किमतीतून वजा करून मगच भाव बोला. बहुतेक वेळा इथलीच केए-२२ गाडी थोडी महाग वाटली तरी शेवटी स्वस्त पडते. तिच्यासाठी फक्त २९ आणि ३० पुरतात, आणि विक्रेत्यासोबत एकाच दिवशी आरटीओत जाता येतं.

स्वतःच्या नावावरची एमएच स्कूटर घेऊन आला असाल तर घाई नाही. दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर नवा नंबर घ्यावा लागतो, तोवर जुना चालतो. कधी आलात त्याचा पुरावा जवळ ठेवा: कॉलेजची फी पावती, भाडेकरार, रुजू झाल्याचं पत्र. वर्षभराच्या कोर्ससाठी आलेल्यांनी नंबर बदलू नये. कायमचे राहणाऱ्यांनी मात्र बदलावा. आपल्यातले काहीजण एमएच पाटी अभिमानाने दहा-दहा वर्षं ठेवतात, त्याबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे. पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणाऱ्या शहापूर-वडगावच्या घरांसमोर केए-२२ च्याच गाड्या उभ्या आहेत. त्यांची मराठी त्यामुळे कमी झालेली नाही. तीच गोष्ट देवनागरी आकड्यांच्या पाट्यांची: नंबरप्लेटवर अक्षरं रोमन आणि आकडे इंग्रजीच लागतात, नाहीतर दंड.

आरटीओतली माणसं वाईट आहेत असं समजून येऊ नका. कागद पूर्ण असले तर काम होतं, आणि समोरचा बहुधा मराठी समजतो. अडचण होते ती फलक आणि अर्जांची. थोडे शब्द शिकून घ्या: हेसरु म्हणजे नाव, विळास म्हणजे पत्ता, तेरिगे म्हणजे कर, विमे म्हणजे विमा, दाखले म्हणजे कागदपत्रं. नोंदणी आणि सही तर दोन्ही भाषांत एकच. पत्त्याचं स्पेलिंगही बघा. शहराचं अधिकृत नाव २०१४ मध्ये बदलून ‘बेळगावी’ झालं, त्यामुळे आधारवर जुनं आणि भाडेकरारावर नवं असा घोळ असतो. अर्जाआधी दोन्ही जुळवा.

लायसन्स महाराष्ट्राचं असेल तर इथे चालतं. हेल्मेट आयएसआयचंच. अल्पवयीन मुलाच्या हातात गाडी दिली तर पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, त्यामुळे ‘शिकवणीपुरती’ही देऊ नका.

देखभालीत बेळगाव भाग्यवान आहे. उद्यमबागेच्या लेथ आणि फाउंड्रीमुळे इथे यंत्राचा हात जाणणारी माणसं आहेत, गल्लीतला साधा मेकॅनिकसुद्धा नीट काम करतो. तुम्ही फक्त काय कधी करायचं ते माहीत ठेवा. इंजिन ऑइल १०डब्ल्यू-३०, साधारण पाऊण लिटर, शहरातल्या थांबत-थांबत चालवण्यात ३,००० किलोमीटरला बदललेलं बरं. मागच्या गिअरबॉक्सचं वेगळं ऑइल असतं, १०० ते १२० मिलिलिटर. ते बदलायचं सगळे विसरतात, कारण मेकॅनिक विचारत नाही. प्लग १२,००० ला. बेल्ट २०,००० झाले की उघडून बघा, कडा फाटलेल्या दिसल्या तर बदला, कारण बेल्ट तुटला की गाडी ढकलतच आणावी लागते. एअर फिल्टर तेलकट कागदाचा असेल तर त्याला हवा मारून साफ करू देऊ नका, तेल उडालं की तो धूळ अडवत नाही. बदलायचाच. अ‍ॅक्टिव्हासारख्या गाडीत हवा पुढे २२, मागे २९, दोघे बसणार असाल तर मागे ३६.

जून ते सप्टेंबर लाल चिखल मडगार्डखाली आणि फूटबोर्डखाली थापला जातो. तो ओला राहिला की तिथूनच गंज सुरू होतो. आठवड्यातून एकदा खालून पाण्याचा फवारा मारा आणि लिव्हर-केबलला ऑइल सोडा. सायलेन्सर बुडेल एवढ्या पाण्यात गाडी घालू नका, बेल्टच्या कव्हरमध्ये पाणी गेलं की बेल्ट घसरतो आणि रेस करून गाडी पुढे जात नाही. पाण्यात बंद पडली तर सेल्फ मारू नका, ढकलून बाहेर काढा. पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबत थोडं अंतर चाला, ओला ड्रम ब्रेक पहिल्या दाबाला धरत नाही. चोर्ला घाट उतरताना अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण सोडून सावकाश येऊ नका, वेग फार कमी झाला की क्लच सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापल्याचा वास आला की बाजूला थांबा.

निपाणी, चिक्कोडी, संकेश्वर, अथणी भागात राहणार असाल तर ऊस हंगामात, साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, अंधार पडल्यावर स्कूटरवरून कारखान्याच्या रस्त्याला जाणं टाळा. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मागे दिवा नसताना चालतात किंवा रस्त्यातच उभे असतात, ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला असतो, आणि स्कूटरचा दिवा पोचेपर्यंत ब्रेक लावायला अंतर उरत नाही. जावंच लागलं तर ३०-३५ च्या वर जाऊ नका. समोरून येणाऱ्या गाडीचा प्रखर उजेड डोळ्यांवर असेल तर तो जाईपर्यंत डाव्या कडेला थांबा. वळणावर सांडलेलं उसाचं पाचट दवाने ओलं होतं, त्यावर पुढचा ब्रेक एकटा मारला तर गाडी आडवी होते.