नवा सबवूफर आणला, तरी बास कुठे गेला? या चुका टाळा

सबवूफर (सब) म्हणजे फक्त खालचे, जाड सूर (बास) वाजवणारा स्पीकर. जुना ८ इंची सबवूफर काढून मी १२ इंची आणला, त्याची ही गोष्ट. खोकं उघडलं, जुन्याच कोपऱ्यात नवा ठेवला, तीच वायर जोडली आणि सिनेमा लावला. दोन दिवसांनी घरातून शेरा आला, "जुन्याचाच आवाज बरा होता." ऐकून वाईट वाटलं, पण म्हणणं खरं होतं. सोफ्यावर बसलं की स्फोट पोकळ वाटायचे आणि गाण्यातला एकच ठोका मात्र छातीवर आदळायचा. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहिलं की तोच सब भरभरून वाजायचा.

सबमध्ये काही बिघाड नव्हता. मी फक्त पेटी बदलली होती, खोली आणि सेटिंग तीच राहिली होती. सब अपग्रेड करणाऱ्या बहुतेकांची फसगत इथेच होते, म्हणून सगळ्यात जास्त याच मुद्द्यावर लिहितो.

सोफा नेमका खोलीच्या मध्यावर

आमचा हॉल १४ बाय १० फुटांचा. टीव्ही अरुंद भिंतीवर, सोफ्याच्या मागे जेवणाचं टेबल, म्हणजे सोफा बरोबर सातव्या फुटावर. फ्लॅटमधल्या कितीतरी हॉलची मांडणी अशीच असते.

आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. खोलीच्या लांबीची दुप्पट घ्या आणि तिने ३४३ ला भागा. त्या खोलीत घुमणारा सगळ्यात खालचा सूर मिळतो. १४ फूट म्हणजे सुमारे ४.२७ मीटर, त्यामुळे उत्तर येतं ४० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४० कंपनं. हा सूर दोन्ही टोकांच्या भिंतींशी सगळ्यात मोठा आणि बरोबर मध्यावर जवळजवळ शून्य असतो. त्याच्या दुपटीचा, ८० हर्ट्झचा सूर मात्र मध्यावरच फुगतो. रुंदीचं गणितही तसंच आहे: १० फुटांना ५६ हर्ट्झ, आणि सोफ्याच्या मधल्या जागेवर तोही पडलेला. म्हणजे मी बसायचो तिथे ४० गायब, ५६ गायब आणि ८० डोक्यावर. बेस गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते. ती मला ऐकूच येत नव्हती, आणि त्या एका ठोक्याचं कोडंही इथेच सुटलं.

सूर गायब होतो अशा खड्ड्यावर पैसे ओतून उपयोग नाही. इक्वलायझरने ४० हर्ट्झ ६ डेसिबलने वर उचलला, तर सबच्या अ‍ॅम्प्लिफायरला त्या सुरासाठी चौपट ताकद लागते. खड्डा तरीही फारसा भरत नाही, कारण आवाज जितका वाढतो तितकाच भिंतींवरून परतून कापलाही जातो. फुगवटा इक्वलायझरने दाबता येतो, खड्डा भरता येत नाही. त्यासाठी जागा बदलावी लागते. मी सोफा दीड फूट मागे सरकवला आणि टेबल भिंतीला टेकवलं. खर्च शून्य. त्या संध्याकाळी १२ इंची सब पहिल्यांदा १२ इंची वाटला.

सबची जागा शोधायची जुनी आणि खात्रीची पद्धत म्हणजे सबलाच आपल्या जागी बसवणं. सब उचलून सोफ्यावर, आपण बसतो तिथे ठेवा. ओळखीचं, बासची चाल वरखाली फिरणारं गाणं लावा. मग भिंतीच्या कडेने गुडघ्यांवर रांगत फिरा, कान सबच्या उंचीला ठेवून. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतात, एखादाच उसळत नाही आणि एखादाच बुडत नाही, तिथे खडूने खूण करा. सब तिथे ठेवा. स्रोत आणि कान यांची अदलाबदल केली तरी खोलीचा परिणाम तोच राहतो, म्हणून ही युक्ती चालते. घरचे बघत राहतील, बघू द्या.

कोपऱ्यात ठेवलं की आवाज सगळ्यात मोठा येतो हे खरं. पण कोपरा खोलीचे सगळेच सूर एकदम उठवतो. सब छोटा आणि हॉल मोठा असेल तर कोपरा हाताशी ठेवा. मोठा सब छोट्या खोलीच्या कोपऱ्यात कोंबला की घुमणं आलंच.

"भिंतींना फोम लावला तर?" हा प्रश्न मला बरेचदा विचारतात. ४० हर्ट्झची लाट सुमारे साडेआठ मीटर लांब असते. दोन इंची फोमला तिचा पत्ताही लागत नाही. त्याने संवाद थोडे स्वच्छ होतील, बास जसाच्या तसा राहील.

बजेट थोडं जास्त असेल तर एका मोठ्या सबपेक्षा दोन मध्यम सब घ्या, असं माझं ठाम मत आहे. हरमन या ऑडिओ कंपनीतले संशोधक टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये किती सब आणि कुठे, याचा पद्धतशीर अभ्यास मांडला. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेले दोन सब एकमेकांचे काही फुगवटे मारतात आणि सोफ्यावरच्या सगळ्यांना जवळपास सारखा बास मिळतो. एका सबने एकाच खुर्चीचं भलं होतं. घरात चौघं सिनेमा बघत असतील तर हा फरक मोठा आहे.

खरेदीआधी मागची बाजू बघा

डीव्हीडी प्लेयरसकट खोक्यात येणारा तयार ५.१ संच असेल, तर त्यातला सब बहुतेक वेळा पॅसिव्ह असतो. त्याला स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर नसतो, मुख्य युनिटच त्याला ताकद पुरवतं. अशा युनिटला सबवूफर प्री-आउटचं (सबला फक्त सिग्नल देणारं) आरसीए भोक नसेल, तर बाजारातला अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेला सब सरळ जोडता येत नाही. काही अ‍ॅक्टिव्ह सबना स्पीकरच्या वायरी घेणारे हाय-लेव्हल इनपुट असतात, पण तशा युनिटला ते जोडण्याआधी जाणकाराला दाखवा. आणि पॅसिव्ह सबच्या जागी कमी ओहमचा दुसरा लावून युनिट जाळू नका. साउंडबारच्या वायरलेस सबचंही तेच: तो आपल्याच बारशी जोडला जातो, दुसऱ्या कंपनीच्या बारशी नाही.

अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून सब मागवणारे पुष्कळ आहेत. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३०. मागच्या पट्टीवर फक्त १२० लिहिलं असेल तर पिन बदलून लावलेला सब पहिल्याच मिनिटाला जाऊ शकतो. पुरेशा ताकदीचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो, आणि तो जड असतो, गरम होतो, गुणगुणतो. हे सगळं धरून हिशोब करा.

वॉटच्या आकड्याला भुलू नका. पीएमपीओ लिहिलेला फुगवलेला आकडा तर सोडूनच द्या. आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी ताकद, १५० वॉटची ३०० झाली तरी वाढ फक्त ३ डेसिबल, कानाला जेमतेम जाणवेल इतकी. शंकूचं क्षेत्रफळ मात्र ८ वरून १२ इंचांवर जाताना सव्वादोन पट होतं, आणि खालच्या सुरांसाठी हवा ढकलणंच महत्त्वाचं. तितक्याच मोठ्या आवाजात एक सप्तक खाली जायचं तर चौपट हवा हलवावी लागते. शक्य असेल तर सीईए-२०१० या सब मोजण्याच्या प्रमाणित पद्धतीने मोजलेले आकडे शोधा. २० आणि ३० हर्ट्झला किती डेसिबल येतात ते त्यात कळतं.

बंद पेटी की पोर्टवाली, म्हणजे हवेसाठी भोक ठेवलेली? पोर्टवाला सब ठरलेल्या सुरापर्यंत जोरात वाजतो आणि त्याखाली सप्तकाला २४ डेसिबलने कोसळतो. बंद पेटी १२ डेसिबलने, हळूहळू उतरते, आणि छोटी खोली खालच्या सुरांना थोडा हातही देते. दार बंद होणाऱ्या १० बाय १२ च्या खोलीत मी बंद पेटीच घेईन. उघड्या हॉलला पोर्टवाली बरी. पोर्ट मागे असेल तर भिंतीपासून किमान वीतभर अंतर सोडा.

एक गोष्ट राहूनच जाते: जुन्या सबचा शंकूभोवतीचा फोम फक्त कुजला असेल तर तो बदलून मिळतो. दमट हवेत, विशेषतः कोकणपट्टीत, फोम लवकर भुगा होतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत स्पीकर दुरुस्त करणारे कारागीर अजून आहेत. आधी त्यांना दाखवा.

एकाच कामासाठी दोन कातऱ्या

क्रॉसओव्हर म्हणजे कोणत्या सुराखालचा आवाज सबकडे जाईल ते ठरवणारी कात्री. सबच्या मागे त्याचं बटण असतं आणि रिसीव्हरमध्येही (सगळे स्पीकर जोडतो त्या मुख्य युनिटमध्ये) क्रॉसओव्हर असतो. दोन्हीकडे ८० हर्ट्झ ठेवलं की आवाज दोनदा कापला जातो आणि समोरच्या स्पीकरशी सबचा सांधा जुळत नाही. रिसीव्हर वापरत असाल तर सबवरचं बटण पूर्ण वर फिरवा, किंवा एलएफई (सिनेमातला खास बासचा चॅनल) असं लिहिलेल्या खाचेवर न्या. कापायचं काम रिसीव्हरला करू द्या. सिनेमाच्या एलएफई चॅनलमध्ये १२० हर्ट्झपर्यंतचा आवाज असतो, त्यामुळे रिसीव्हरमधला एलएफईचा लो-पास (त्यावरचे सूर कापणारी मर्यादा) १२० वरच राहू दे.

दुसरी चूक मोठ्या टॉवर स्पीकरवाल्यांची. रिसीव्हर स्पीकरला 'लार्ज' ठरवतो आणि मालकाला ते मानाचं वाटतं. 'लार्ज' म्हणजे त्या स्पीकरचा बास सबकडे जाणारच नाही. 'स्मॉल' करा, ८० हर्ट्झ ठेवा. भिंतीवरचे छोटे स्पीकर असतील तर १०० किंवा १२० लागतील, पण तेव्हा सब समोरच्या बाजूलाच ठेवा, कारण इतक्या वरच्या सुरांची दिशा कानाला कळू लागते.

नवा सब लावल्यावर ऑटो-कॅलिब्रेशन, म्हणजे माइकने मोजून रिसीव्हरने स्वतः सेटिंग ठरवणं, पुन्हा चालवायलाच हवं. जुन्या सबची मापं नव्याला बसत नाहीत. माइक ट्रायपॉडवर, कानाच्या उंचीला, सोफ्याच्या पाठीपासून थोडा दूर. हातात धरू नका, उशीवर ठेवू नका. पंखा आणि एसी बंद. नंतर सबची पातळी बघा. रिसीव्हर उणे १२ दाखवत असेल तर तो तळाला टेकला आहे. सबचं गेन (सबवरचं आवाजाचं बटण) कमी करून पुन्हा मोजा. इथे आणखी एक उपद्रव दडलेला असतो. उणे १० च्या आसपास पातळी असली की रात्री हळू आवाजात सबकडे इतका क्षीण सिग्नल जातो की त्याचं ऑटो-ऑन जागं होत नाही. लोक सब बिघडला म्हणून दुकानात नेतात. गेन उतरवा, रिसीव्हरची पातळी उणे ५ ते उणे २ पर्यंत येऊ द्या, सब वेळेवर उठेल.

सबचं अंतर ९ फूट असताना रिसीव्हर १५-१७ दाखवतो, तेव्हा टेप घेऊन ते दुरुस्त करू नका. सबमधल्या इलेक्ट्रॉनिक्सला लागणारा वेळ त्यात धरलेला असतो. एक मिलिसेकंद म्हणजे फुटाहून थोडं जास्त अंतर. फेजच्या खटक्याचा (सब समोरच्या स्पीकरच्या तालात हलेल की उलटा, हे ठरवणाऱ्या) मात्र स्वतः निकाल लावा. ८० हर्ट्झचा टोन समोरच्या स्पीकरसह लावा, आपल्या जागी बसा आणि दुसऱ्याला ० आणि १८० मध्ये खटका बदलायला सांगा. ज्या स्थितीत आवाज मोठा, ती बरोबर.

सतत येणारी घरघर

सिनेमा थांबवल्यावरही हूं-हूं असा आवाज येत असेल तर तो विजेच्या ५० हर्ट्झचा किंवा त्याच्या दुपटीचा आहे. सबमधून आरसीए वायर काढा. घरघर थांबली तर सब ठीक आहे, घोळ जोडणीतला आहे. वायर परत लावा आणि सेट-टॉप बॉक्सची गोल केबल काढून बघा. केबल टीव्हीच्या घरात निम्म्या वेळा चोर तिथेच सापडतो. त्या केबलवर आयसोलेटर बसवता येतो. डिशच्या केबलवर तो चालत नाही, कारण छतावरच्या एलएनबीला (डिशवरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला) वीज त्याच वायरीतून जाते. सब आणि रिसीव्हर एकाच सॉकेटवरून, एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घेतले तरी बरेचदा प्रश्न सुटतो. जुन्या इमारतीत अर्थिंग नुसतं नावाला असतं, ते वायरमनकडून तपासून घ्या.

घरघर घालवण्यासाठी तीन पिनांतली मोठी पिन कापणारे लोक मी पाहिले आहेत. हे कधीही करू नका. ती पिन जीव वाचवण्यासाठी असते.

शोकेस, माळा आणि खालचा मजला

नवा सब खोल वाजू लागला की घरातल्या वस्तू बोलू लागतात. काचेचं शोकेस, सरकत्या खिडकीची तावदानं, माळ्यावरचे स्टीलचे डबे, देव्हाऱ्यातली घंटा. लोकांना वाटतं सब फाटला. २० ते १२० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढणारा टोन लावा आणि घरभर फिरा. जिथे खडखड होईल तिथे हात टेकवा, थांबली की मिळालं. खिडकीच्या खाचेत रबराची पट्टी, डब्यांखाली जुनं कापड, काचेला फेल्टची टिकली, एवढं पुरतं.

सबखाली जाड रबर किंवा फोमचा पाट ठेवला की फरशीतून उतरणारा हादरा कमी होतो. हवेतून जाणारा खालचा बास त्याने अडत नाही, विकणारे काहीही सांगोत. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. नव्या सबची पहिली रात्र सुरू करण्याआधी खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे जा, त्यांच्या हॉलमध्ये पाच मिनिटं बसा आणि वर कुणाला तरी रोजच्या आवाजात सिनेमा लावायला सांगा. तिथे जे ऐकू येईल त्यावरून रात्रीसाठी सबची पातळी किती उतरवायची ते ठरवा आणि रिसीव्हरमध्ये वेगळी नोंदवून ठेवा.