मेसेजवरून 'कट' लावलाय? एफआयआर अशी वाचा

प्रत हातात आली की आधी घटनेची तारीख पाहा. 1 जुलै 2024 पासूनच्या घटनेला भारतीय न्याय संहितेचं कलम 61 लागतं, त्याआधीच्या घटनेला जुन्या भारतीय दंड विधानाचं (भादंवि) 120 ब. इथे घोळ दिसला तर पेन्सिलने खूण करून ठेवा.

मग मजकुरात एकच शोधा: कोणी, कोणाशी, काय ठरवलं? कटाचा जीव या 'ठरवण्यात' आहे. ग्रुपवर 'त्या दुकानाला आग लावू' आलं आणि खाली 'पेट्रोल मी आणतो' पडलं, तर काडी ओढली नाही तरी कट झाला. ठरलेलं काम बेकायदा असलं पण गुन्हा नसेल, तर ठरवण्यापलीकडे एखादी कृतीही दाखवावी लागते. मेसेज वाचला म्हणजे होकार दिला, असं नाही. अंगठ्याचा इमोजी मात्र वादात सापडतो. तो नेमका कोणत्या मेसेजला दिला, ते बघा. ग्रुप अ‍ॅडमिनबद्दल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये सांगितलंय की समान हेतू किंवा आधीची योजना दिसत नसेल, तर सदस्याच्या मेसेजचं खापर त्याच्यावर फुटत नाही.

एफआयआरमध्ये नुसती मतंच असतील तर सर्वोच्च न्यायालयाचा श्रेया सिंघल निकाल (2015) काढा. चर्चा वेगळी, पुरस्कार (एखाद्या मताची बाजू लावून धरणं) वेगळा, चिथावणी वेगळी. पहिल्या दोन कितीही झोंबल्या तरी राज्यघटनेच्या 19(1)(अ), म्हणजे अभिव्यक्ती स्वातंत्र्याखाली येतात. चिथावणीपाशी 19(2) ची बंधनं सुरू होतात.

सोबत न्याय संहितेचं कलम 196 (गटागटांत वैर पसरवणे) असेल तर प्राथमिक चौकशी झाली का, विचारा. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) कलम 173(3) प्रमाणे उपअधीक्षकांच्या परवानगीने 14 दिवसांत ती करता येते. बोलण्या-लिहिण्याच्या गुन्ह्यांत ती करणं योग्य, असं सर्वोच्च न्यायालयाने कवी इम्रान प्रतापगढी यांच्या प्रकरणात (2025) म्हटलंय. शिवाय 196 ची दखल घ्यायला कोर्टाला सरकारची पूर्वमंजुरी लागते (नागरिक सुरक्षा संहिता, कलम 217). दोषारोपपत्रात मंजुरीचा कागद नसला तर वकिलाला तिथेच बोट ठेवू द्या.

घाबरून चॅट उडवू नका. तसं केलं तर पुरावा नष्ट केल्याचं न्याय संहितेचं कलम 238ही वरून लागू शकतं. निवडक स्क्रीनशॉटही पुरत नाहीत, मागचे-पुढचे मेसेज गेले की थट्टेचीही धमकी वाचली जाते. पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करा, मूळ फोन जपा; कोर्टात प्रत द्यायची तर साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र हॅश व्हॅल्यूसह (फाइलचा डिजिटल ठसा) लागतं.