दुखापतीतून सावरताना फिल्म कॅमेरा कसा वापरावा
खांद्याच्या दुखापतीतून सावरताना, किंवा संधिवातासारखे जुने दुखणे सोबत असताना, फिल्म फोटोग्राफी सोडण्याची मुळीच गरज नाही. ३६ छायाचित्रांचा रोल महिनाभर कॅमेऱ्यात सुखाने राहतो, आणि बरे वाटेल त्या दिवशीच बाहेर पडता येते. वडोदऱ्यात त्यासाठी कमाटीबाग उत्तम, कारण तिथे बाकावर बसूनच झाडे आणि माणसे टिपता येतात. ४०० आयएसओची (आयएसओ म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे याचा आकडा) फिल्म भरावी. लख्ख उन्हात एफ/१६ (भिंगाच्या छिद्राचा आकडा) आणि १/५०० (शटर उघडे राहण्याचा वेळ, सेकंदात), तर मोकळ्या सावलीत एफ/५.६ आणि १/२५० ठेवल्यास हात किंचित थरथरला तरी चित्र सहसा हलत नाही. बोटाला जोर लावणे जड जात असेल, तर शटरच्या बटणात आटे असलेले छिद्र आहे का ते पाहावे, त्यात केबल रिलीज (टोक दाबले की शटर उघडणारी लवचिक तार) फिरवून बसवावी, कॅमेरा मांडीवरच्या पिशवीवर टेकवावा आणि चांगल्या हाताने केबलचे टोक सावकाश दाबावे. रोल घरीच, टेबलाशी बसून भरावा. उन्हाळ्यात कॅमेरा बंद गाडीत ठेवू नये, उष्णतेने फिल्म बिघडते. किती वजन पेलावे, हे मात्र फिजिओथेरपिस्टच्या हातात प्रत्यक्ष कॅमेरा देऊनच विचारावे.